डोंगरामागचा सूर्य

मुलुंड (पश्चिम),
१२ ऑगस्ट २०२४

मधू,

आशीर्वाद आधी, सूचना मागून. चित्र झालं. शनिवारी टेम्पो येतोय, तेव्हा घरी राहा आणि लताला सांग, बाहेरच्या खोलीतलं टीपॉय वगैरे बाजूला करून ठेव. पाच फूट लांब, तीन फूट उंच आहे. तुमच्या दारातून आडवं जाईल, मागच्या वेळी आले तेव्हाच मोजून घेतलंय.

ताईने फोन का केला नाही, असं लता विचारेल. तिला म्हणावं, फोनवर तुम्ही सगळे माठात तोंड घालून बोलताय असं ऐकू येतं. कानाचं मशीन लावलं की पंख्याचा आवाज मोठा आणि माणसाचा बारीक. व्हॉट्सॲपवर रेवती टाइप करून देते, पण पोटच्या पोरीच्या हातून भावाशी बोलायचं म्हणजे भांडायची सोयच राहत नाही. माझं अक्षर चांगलं आहे आणि पोस्ट अजून बंद पडलेलं नाही. तूही लिही. मंडळाचा सेक्रेटरी आहेस, लिहिता येत असेलच.

तू म्हणाला होतास, कांदळवाडी ग्रामस्थ मंडळाचा बोरिवलीतला हॉल वसुबारसेला उघडतोय, समोरच्या भिंतीवर मोठं चित्र हवं. तिन्हीसांज, गुरं घरी येताहेत. आत शिरल्याबरोबर माणसाला घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. तुझेच शब्द. घे, काढलं. होळीपासून दुसरं काही केलेलं नाही. स्वयंपाकसुद्धा एका हाताने.

मधू, सगळी नोकरी पोरांच्या वहीतली झोपडी, नारळाचं झाड आणि दोन डोंगरांमधला सूर्य दुरुस्त करण्यात गेली. माझं स्वतःचं चित्र चार लोकांच्या भिंतीवर लागतंय ते आत्ता, साठीला आल्यावर. खोटं कशाला बोलू? मी फुगलेय.

आता सूचना. चित्राला बोट लावायचं नाही. हार घालायचा नाही. दिव्यांची माळ सोडायची नाही. हे अध्यक्षांना, म्हणजे आपल्या श्यामकांतला, वेगळं सांग. त्याला दिसेल त्याला हार घालायची सवय आहे. शाळेत माझ्या वर्गात कोणी चित्राला बोट लावलं तर मी त्याला तास संपेपर्यंत हात वर करून उभं करत असे, हेही त्याला सांग. उजव्या कोपऱ्यात माझं नाव टाकलंय, ते फ्रेमखाली जाता कामा नये.

तुझी,
कुंदाताई


बोरिवली (पूर्व),
२४ ऑगस्ट २०२४

ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, कारण कंबर धरलीय. तुझं चित्र लिफ्टमध्ये मावेना. टेम्पोवाला म्हणाला, "काका, आगे का डिपार्टमेंट आपका," आणि गेला. मी आणि शेजारचा हर्षद, दोघांनी जिन्याने चढवलं.

कागद काढला आणि लता गॅसवरचं दूध विसरली. ती धूळ कशी काढलीस गं? हात फिरवला तर बोटांना लागेल असं वाटतं. (फिरवला नाही. आईशप्पथ.) शिंगांच्या कडेला ती उजेडाची रेघ, वाट सोडून पुढे पळणारं वासरू, त्याच्याकडे मान वळवून बघणारी त्याची आई, आणि सगळ्यांच्या मागून काठी घेऊन येणारी ती बाई. ताई, झकास! आपल्या खानदानात असलं काम कोणी केलेलं नाही. अख्खा मजला येऊन बघून गेला. मी सगळ्यांना सांगतो, माझ्या बहिणीने काढलंय. 'चुलत' हा शब्द गाळतो.

एक बारीकशी शंका आहे, रागावू नकोस.

सूर्य डोंगरामागे आहे. आता आपल्या गावी डोंगर पूर्वेला आणि समुद्र पश्चिमेला. सूर्य डोंगरामागे म्हणजे सकाळ झाली ना! माझ्या खिडकीतून रोज सकाळी नॅशनल पार्कच्या डोंगरामागून सूर्य वर येतो, तो हुबेहूब तुझ्या चित्रातल्यासारखा. मग गुरं सकाळी डोंगरातून खाली कशी येतील? रात्री काय वर मुक्कामाला होती? बघणारा माणूस तेवढ्यावर अडकतो. सूर्य पुसून तिथे नुसता डोंगर ठेवला, आणि अलीकडे समुद्राचा एक पट्टा ओढला, की काम झालं. तुला काय, दोन दिवसांचं काम.

पत्रं कमाल करतात हं. मुलुंडहून बोरिवलीला यायला चार दिवस. बहुतेक डोंगराला वळसा घालून चालत येतात.

तुझा,
मधू


मुलुंड,
१ सप्टेंबर २०२४

मधू,

पहिलं पान वाचून रेवतीला बोलावून दाखवलं. दुसरं पान वाचून कुलूप लावून ठेवलं.

मला सकाळ आणि संध्याकाळ कळत नाही, असं तुला म्हणायचंय? अरे, सकाळची धूळ बसलेली असते, दवाने. संध्याकाळची उठलेली असते. सकाळी वासरू आईला चिकटून चालतं, संध्याकाळी ते गोठा ओळखून पुढे पळतं. सकाळी गुरं भुकेने भरभर चालतात, संध्याकाळी पोट भरलं की डुलत येतात. हे सगळं काढलंय. तू सूर्य बघितलास आणि गुरं बघितली नाहीस. माझ्या वर्गात असतास तर दहापैकी तीन दिले असते, तेही आईवडिलांकडे बघून.

सूर्य मावळतो आहे. डोंगरामागेच मावळतो आहे. तो तिथेच राहणार. समुद्राचा पट्टा वगैरे बोलू नकोस, पट्टा ओढायला ती काही चादर नव्हे.

दोन गोष्टी सरळ विचारते, सरळ उत्तर दे. ही शंका तुझी की श्यामकांतची? "बघणारा माणूस अडकतो" हे वाक्य तुझं नाही, तू इतकं गुळगुळीत बोलत नाहीस. आणि दुसरं, सूर्य सगळ्यांना दिसला, मग मागून येणारी बाई कोण, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

गणपतीला गावी जाल. माझ्या वतीने पाच मोदक जास्त खा, पण राग गिळून नव्हे. तो माझ्याकडेच आहे.

कुंदाताई


बोरिवली,
१९ सप्टेंबर २०२४

ताई,

सरळ विचारलंस, सरळ सांगतो. शंका कमिटीची. मी नुसता तिच्यावर साखर पेरून पाठवली.

चित्र बघायला सगळे माझ्याकडे आले होते. श्यामकांत म्हणाला, "शाळेतली पोरं काढतात तसा डोंगरातला सूर्य काढलाय बाईंनी." मी म्हटलं, त्या चित्रकलेच्या शिक्षिका आहेत, तर म्हणाला, "म्हणूनच." मग त्याची आई, आपली वनमालाकाकी, खुर्चीत बसून सगळं ऐकत होती, ती म्हणाली, "कुंदा मुंबयत वाढलेला चेडू. तेका गावची तिन्हीसांज खंयसून ठावक?" तिच्यापुढे कोण बोलणार? गावातली सगळ्यात मोठी बाई ती. बाईबद्दलही तिनेच विचारलं. गावात गुरांमागे गडी जातात, बाई कशी, म्हणाली.

तरी मी गावी गेल्यावर मुद्दाम पाणंदीत जाऊन उभा राहिलो, संध्याकाळी, गुरं यायच्या वाटेवर. आता गावात गुरं उरलीत चारदोन घरी, पण आली. डोंगरातून खाली आली, समुद्राकडचं ऊन त्यांच्या तोंडावर होतं, डोळे बारीक करून चालत होती. सूर्य माझ्या पाठीमागे, समुद्रात. ताई, मी तुझ्या बाजूचा आहे, पण तू चुकलीस. वय होतं माणसाचं, आठवण इकडची तिकडे होते. माझीही होते, मागच्या महिन्यात मी शेजाऱ्याच्या दाराला चावी लावत होतो.

आता वाईट बातमी. श्यामकांतने कॉम्प्युटरवर एक चित्र करून घेतलंय. समुद्र, नारळ, लाल सूर्य आणि हिरव्यागार गवतात गाई. काळ्यापांढऱ्या, परदेशी. एकीलाही वशिंड नाही! मी म्हटलं, अरे, ह्या कुठल्या गाई, ह्या कांदळवाडीत आल्या तर कुत्रे भुंकतील. तो म्हणतो, सूर्य तरी जागेवर आहे ना. दसऱ्यानंतर कमिटीची सभा आहे. तोवर तुझा सूर्य हलला नाही तर वसुबारसेला भिंतीवर त्याचा फ्लेक्स लागणार. वाट लागेल हॉलची.

तुला ब्रश धरायचा नसेल तर तू नुसतं हो म्हण. निळ्या रंगाची डबी मी आणून ठेवलीय, सूर्यावर मी स्वतः हलक्या हाताने मारतो. कोणाला कळणारही नाही.

मधू


मुलुंड,
२८ सप्टेंबर २०२४

मधू,

त्या निळ्या डबीचं झाकण उघडलंस तर पुढच्या भाऊबीजेला तुझं ताट मी मांजराला वाढीन.

वनमालाकाकी बरोबर बोलली. मी गाव बघितलं ते मे महिन्याच्या सुट्टीत, तेही चार वेळा. गावची तिन्हीसांज मला ठाऊक नाही. म्हणून मी ती काढलेलीच नाही.

तो डोंगर कांदळवाडीचा नव्हे. तुझ्या खिडकीतून दिसतो तोच आहे. तू त्याच्या एका बाजूला राहतोस, मी दुसऱ्या. तुझ्याकडे सूर्य त्याच्यामागून उगवतो, माझ्याकडे त्याच्यामागे मावळतो. डोंगर म्हणजे पूर्व आणि समुद्र म्हणजे पश्चिम, हे तुम्हा कोकणातल्या माणसांच्या हाडात बसलंय. बोरिवलीतही नेमकं तसंच जुळलं, म्हणून शंका कोणाला आलीच नाही. मुलुंडला ये आणि संध्याकाळी मान वर करून बघ.

गुरंही मुलुंडची आहेत. आणि ती बाई माझी आई. तुझी शेवंतीकाकी.

गिरणी बंद पडली तेव्हा तू गावी शाळेत होतास. बाबा रोज गेटवर जाऊन उभे राहायचे, आज संप मिटेल, उद्या मिटेल. आमच्या कॉलनीच्या मागे तेव्हा मोठा तबेला होता. दुभत्या म्हशी दावणीला असायच्या, पण भाकड गाई आणि वासरं डोंगराच्या पायथ्याला चरायला न्यायला माणूस हवा होता. आई तिथे गेली आणि म्हणाली, मी नेते. तबेलेवाला हसला. आईने तिथल्या एका मारक्या गाईला गळ्याखाली खाजवलं. ती मान लांब करून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून काम आईचं.

बाबांना ते सोसलं नाही. गुरं राखायला नकोत म्हणून गाव सोडलं, आणि आता बायको मुंबईत गुरं राखते, हे गावात कळलं तर तोंड कुठे लपवू, म्हणायचे. म्हणून गावी कळवलं की शेवंती शिवणाचे क्लास घेते. आणि ती गावी यायची थांबली, कारण गुरांना सुट्टी नसते. तुम्ही समजलात, मुंबईत जाऊन हिला गाव नकोसं झालं. बाबांसाठी तिने तेही ऐकून घेतलं. मीही बाबा असेपर्यंत गप्प राहिले.

पण तिला स्वतःला कसली लाज? कॉलनीच्या रस्त्याने मधोमध गुरं घेऊन यायची. गाडीवाले हॉर्न मारायचे. ती नुसती काठी वर करायची आणि गाड्या थांबायच्या. माझे रंग, माझे ब्रश, माझा ड्रॉइंग टीचरचा डिप्लोमा, सगळं त्या भाकड गाईंच्या मागे चालून आलं. अभिमान आहे मला, मधू. इतका की पाच फुटांत मावला नाही, कडेने बाहेर येतोय.

आता सूर्य का हलणार नाही ते ऐक. कॉलेजातून आले की मी उताराच्या खाली तिची वाट बघत उभी राहायचे. सूर्य तिच्या पाठीमागे असायचा. तिचा चेहरा दिसायचाच नाही, नुसती काळी आकृती, पदर खोचलेला, डावा पाय जरा ओढून टाकणारी. चालीवरून ओळखायची. जवळ आली की मग दिसायचं, सकाळचं ठसठशीत कुंकू घामाने पार पुसून गेलेलं. घरी आल्यावर ती आधी आरशासमोर जाऊन कुंकू लावायची आणि मगच पाणी प्यायची.

चित्रात त्या बाईला चेहरा नाही, पण तो काढायला मी विसरले नाही. सूर्य समुद्रात टाकला तर उजेड समोरून येईल आणि मला चेहरा काढावा लागेल. मग ती कोणीतरी बाई होईल. माझी आई होणार नाही.

हे पत्र सभेत वाच. माइक असेल तर माइकवर वाच. चित्र लावायचं तर जसं आहे तसं. नाही तर मी टेम्पो पाठवते, माझ्या घराला भिंती आहेत.

कुंदा


बोरिवली,
१५ ऑक्टोबर २०२४

ताई,

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लताला म्हटलं, जरा जाऊन येतो. घोडबंदरवरून ठाण्याची बस घेतली, तिथून मुलुंड. डोंगराला वळसा घातला, तुझ्या पत्रांसारखा. तुमच्या कॉलनीच्या टोकाला चहाच्या टपरीपाशी जाऊन उभा राहिलो.

इतकी वर्षं हा डोंगर माझा सकाळचा. चहा पिताना बघायचा डोंगर. आणि परवा त्याच्या मागे सूर्य उतरला गं. कडा लाल झाली, खालचा उतार काळा झाला. गुरं नव्हती, मोटारसायकली लावल्या होत्या. पण वरून एक बाई खाली येत होती, फिरायला गेलेली असावी. चेहरा दिसेना. अगदी चार हातांवर आली तेव्हा तिचा चष्मा दिसला. मी वेड्यासारखा तिच्याकडे बघत होतो, ती घाबरून बाजूने गेली.

तुझ्या घरी आलो नाही. बोललो असतो तर तुला ऐकू आलं नसतं, आणि ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. रस्त्यात उभा राहून रडलो, बस्स. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

काल सभा झाली, आमच्याच घरी, चित्रापुढे. माइक नव्हता, पण मी मोठ्याने वाचलं. शिवणाच्या क्लासपाशी आलो तेव्हा कागद हर्षदच्या हातात दिला, पुढचं त्याने वाचलं. श्यामकांत म्हणाला, "गोष्ट चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण मंडळ कांदळवाडीचं. मुलुंडचा डोंगर आपल्या भिंतीवर कशाला?" मग मी उठलो. म्हटलं, श्यामकांत, आपला हॉल कुठे आहे? त्याच डोंगराच्या पायथ्याशी ना? गावातून इकडे आलेली माणसं कशी जगली, ते आपल्या भिंतीवर नको, तर कोणाच्या भिंतीवर हवं? आणि तो वशिंड नसलेला फ्लेक्स लावणार असाल तर सेक्रेटरी दुसरा बघा. माझा हा आवाज लताने सुद्धा कधी ऐकला नव्हता.

हात वर करून मतं घेतली. चित्र लागणार, ताई! जसं आहे तसं! श्यामकांतने हात वर केला नाही, पण चहा सांगितला.

एकच काळजी आहे. वनमालाकाकी. सभाभर एक शब्द काढला नाही तिने. पत्र संपल्यावर काठी टेकत उठली आणि चित्रापुढे जाऊन उभी राहिली. कपाळाला आठ्या. श्यामकांतने हाक मारली तरी वळली नाही. ही बाई ऐन कार्यक्रमात सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार, मला धास्ती आहे. तू ये. तू असलीस की निभेल.

मधू


मुलुंड,
२१ ऑक्टोबर २०२४

मधू,

येता येणार नाही. रेवतीचे दिवस भरलेत, डॉक्टरांनी कुठेही हलू नका म्हटलंय, आणि फोन आला तर मला ऐकू येणार नाही, म्हणून मी तिच्या उशापाशीच बसून आहे. मन तुमच्या हॉलमध्ये आहे.

काकीला बोलायचं असेल तर बोलू दे. आईने ऐकून घेतलं, मीही घेईन. फक्त चित्राला कोणी बोट लावणार नाही, एवढं बघ. तुझ्यावर सोडलंय. तू माझ्यासाठी उभा राहिलास हे मी विसरणार नाही, दहापैकी नऊ.

कुंदाताई


बोरिवली,
२९ ऑक्टोबर २०२४

ताई,

आधी कबूल करतो, बोट लागलं. पुढचं वाचून मग मारायला ये.

काल दिवेलागणीला कार्यक्रम होता. वसुबारस म्हणून देवळापाशी जी बाई गाय घेऊन बसते तिला बोलावलं होतं, पण सोसायटीच्या वॉचमनने गाय गेटातून आत सोडली नाही. लता त्याच्याशी भांडली, बायका भांडल्या, तो म्हणाला, सोसायटीचा नियम आहे. गाय बाहेर उभी राहून गेटवरच्या कुंडीतलं झाड खात होती. शेवटी बायका ताटं घेऊन आत आल्या. कोणीतरी म्हणालं, मातीची गाय-वासरू आणा. शोधाशोध सुरू झाली.

तेवढ्यात वनमालाकाकी उठली. हातात तिचं ताट. सरळ चित्राकडे निघाली. ताई, मी धावलो, देवाची शपथ. "काकी, हात लावू नको, कुंदाताई मला मारून टाकेल" म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं की माझे पाय जागीच थांबले. तिने गाईच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. वासराला लावलं. आणि मग टाचा उंच करून, काठी श्यामकांतच्या हातात देऊन, मागच्या बाईपर्यंत हात नेला आणि तिच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं.

श्यामकांत म्हणाला, "आई, ती गाय-वासराची पूजा आहे." तर ती त्याच्यावर खेकसली, "गायीक लायलंय, वासराक लायलंय. मगे ज्या बायन त्यांका घराक आणल्यान, तिका नको?" मग चित्राकडे वळून म्हणाली, "शेवंती, तुझा घर हंय आसा." एवढंच. मग तिने वाकून चित्रापुढे जमिनीला हात लावला, ताई. वनमालाकाकीने. जिच्या पाया सगळा गाव पडतो तिने.

त्यानंतर कोणाला आवरणार? सगळ्या बायका रांगेने आल्या. मी मध्ये उभा राहून म्हटलं, लांबून ओवाळा, बोट फक्त काकीचं. तेवढं पाळलं. फ्लेक्स कुठे गेला कोणाला माहीत नाही. श्यामकांत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "हा डोंगर मुलुंडच्या बाजूचा आहे, नीट बघा, तिकडे सूर्य मागे मावळतो." जणू त्यानेच शोध लावला.

आता संकट. कुंकू ओलं होतं, रंगावर बसून वाळलंय. गाईचं आणि वासराचं पुसट आहे. बाईचं मात्र ठसठशीत, लांबूनही दिसतं. श्यामकांत म्हणतो, ओल्या फडक्याने हलकंसं पुसून घेऊ. मी कोणाला जवळ जाऊ दिलेलं नाही. हॉलची चावी माझ्या खिशात आहे. काय करू ते लगेच कळव.

तुझा गुन्हेगार,
मधू


मुलुंड,
५ नोव्हेंबर २०२४

मधू,

रेवतीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. तुझं पत्र मी तिला हॉस्पिटलमध्ये वाचून दाखवलं, मग ती रडली, मग मी रडले, आणि नर्सने आम्हाला दोघींना दम दिला.

फडकं बाजूला ठेव. श्यामकांतला सांग, त्या कुंकवाला त्याने हात लावला तर मी मुलुंडहून येईन आणि तो अध्यक्ष असला तरी त्याला तास संपेपर्यंत हात वर करून उभं करीन. चित्राला बोट लावायचं नाही हा नियम माझा आहे. तो काकीच्या बोटाला लागू नाही.

मी ते चित्र काढताना त्या काळ्या आकृतीपाशी किती वेळा ब्रश घेऊन थांबले होते, तुला कल्पना नाही. काहीतरी राहिलंय, कळत होतं. चेहरा काढायचा नव्हता, तरी काय हवं होतं ते सापडत नव्हतं. म्हणून तसंच सोडून दिलं. काकीने ते पुरं केलं. आई उतारावरून खाली येते आहे, सूर्य मागे आहे, आणि घरी पोचायच्या आधीच तिच्या कपाळाला कुंकू आहे.

काकीला माझा नमस्कार सांग. मी स्वतः येऊन करणारच आहे. बाळाला बाहेर न्यायचं झालं की पहिलं तुमच्या हॉलमध्ये आणीन, पणजी दाखवायला.

आणि खाली पाटी लावणार आहात ना, 'गावची तिन्हीसांज' म्हणून? ती बदल. 'शेवंतीची गुरं' असं लिही. अक्षर मोठं काढ, लांबून वाचता आलं पाहिजे.

शेवंतीची मुलगी,
कुंदा